मेसोपोटेमिया: सिमल्याचा हुकूम की लंडनचा?

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर ब्रिटिश फौज तुर्कांशी लढली. तिच्यावर आधी हुकूम चालला सिमल्याचा, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा, फेब्रुवारी 1916 पासून लंडनच्या युद्ध खात्याचा. फरक नुसता कागदावरचा नव्हता.

सिमल्याहून कारभार हाकणारे हिंदुस्थानचे सरसेनापती डफ आघाडीकडे फिरकलेच नाहीत. आघाडीवरचे सेनापती जनरल निक्सन बगदादसाठी उतावीळ, पण टायग्रिसवर पुरेशा आगबोटी नाहीत. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला सहाव्या पुणे डिव्हिजनचं जबर नुकसान झालं आणि तिला कुतकडे माघार घ्यावी लागली. जखमींना लादून ‘मेजिदिया’ बोट बसऱ्याला लागली, तेव्हा तिच्या कडेने दोरखंड लोंबताहेत असं मेजर कार्टर या डॉक्टरांना दुरून वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. हे वाचून आजही पोटात कालवतं. पुढे कुतला तुर्कांच्या वेढ्यात या फौजेची उपासमार झाली आणि 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 जणांनी शरणागती पत्करली. त्यांत 110 वी मराठा पलटणही होती.

लंडनने सूत्रं घेतल्यावरही कुत वाचलं नाहीच. पण बोटी आल्या, इस्पितळं सुधारली, आणि नवे सेनापती जनरल मॉड यांनी घाई न करता 11 मार्च 1917 ला बगदाद घेतलं. माझं मत स्पष्ट आहे: लंडनची व्यवस्था उजवी, कारण तिने आधी रसद पाहिली.