प्लास्टिकवर अक्षरं कोरायची: टोच्या, रोटरी, रेडियम की लेझर?

दारावरची नावाची पाटी, विहिरीवरच्या मोटरच्या पॅनलवरची पट्टी आणि भाजीच्या कॅरेटवरचं आडनाव, तिन्ही प्लास्टिकचीच. पण तिघांना एकच पद्धत लावली तर दोन कामं बिघडणार. म्हणून हत्याराच्या आधी प्लास्टिक ओळखा.

एक छोटा तुकडा पाण्यात टाका. कॅरेट आणि बादल्यांचं पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. अ‍ॅक्रिलिक, एबीएस आणि घट्ट पीव्हीसी बुडतं. इथं एक फसगत होते: पाट्यांसाठी सर्रास मिळणारा सनबोर्ड पीव्हीसीचाच असतो, पण आतून फुगीर असल्यामुळं तरंगतो. शंका असेल तर तांब्याची तार पकडीत धरून लालबुंद करा, तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. ही तपासणी अंगणात, मोकळ्या हवेतच करावी.

पीव्हीसी कधीही लेझरखाली देऊ नका. त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो, तो छातीला घातक आणि मशीनला गंज आणणारा. दुकानदार नाही म्हणाला तर त्याचं बरोबर आहे.

दारावरच्या पाटीसाठी अ‍ॅक्रिलिक घ्यायचं असेल तर लेझर आणि रोटरी टूल (वेगानं फिरणाऱ्या बिटाचं हातातलं यंत्र) यांतून निवड करावी. अक्षर 15 मिमीपेक्षा लहान असेल किंवा खाली पत्त्याची बारीक ओळ हवी असेल तर सरळ लेझर. हातानं बारीक जोडाक्षरं भरून जातात, 'द्ध' आणि 'द्व' यांच्यात फरकच उरत नाही. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथं हे काम करणारे सापडतात. जाताना दोन गोष्टी पक्क्या करा. शीट कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या, अ‍ॅक्रिलिकची हवी. कास्टवर लेझरची खूण पांढरी, दुधी उमटते. एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली शीट वितळते, खूण फिकी राहते आणि कडा चिकट होतात. दुसरं, फाईलमधला मजकूर बाह्यरेषांमध्ये बदलून न्या. इंकस्केप या संगणकावरच्या चित्रकामाच्या प्रोग्राममध्ये 'पाथ' मेनूतून ते होतं. नाहीतर दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसतात. कोरून झालेली पाटी दुरुस्त होत नाही, म्हणून पडद्यावर एकेक अक्षर वाचूनच होकार द्यावा.

घरी निळा डायोड लेझर असेल तर तो पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो, काहीच कोरलं जात नाही. वर काळा रंग लावला तर थोडी खूण उमटते, पण दुकानातल्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरची सर येत नाही.

रंग भरायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. शीटवरची प्लास्टिकची फिल्म काढून त्या जागी कागदी मास्किंग टेप सलग चिकटवा आणि लेझरला टेपवरूनच कोरायला सांगा. मग टेप न काढता स्प्रे रंगाचे दोन पातळ हात द्या, वाळल्यावर टेप सोला. रंग फक्त खाचेत राहतो. प्लास्टिकची फिल्म मात्र ठेवू नका, ती वितळून अक्षरांच्या कडांना चिकटते.

अक्षरं मोठी असतील, 30 मिमी किंवा जास्त, आणि हातकामाची ओढ असेल तर रोटरी टूल घ्या. शीट निदान 5 मिमी जाडीची हवी, पातळ शीट थरथरते. बिट 1 ते 2 मिमीचा, गोल टोकाचा कार्बाइड बर (कोरायचं कठीण टोक). वेग 5,000 ते 10,000 फेऱ्यांच्या आत. जास्त वेगानं अ‍ॅक्रिलिक कापलं जात नाही, वितळतं. भुकटी पांढरी आणि कोरडी पडत असेल तर काम बरोबर चाललंय; बिटाला मऊ गोळे चिकटायला लागले की थांबा, बिट साफ करा, वेग कमी करा. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच.

पारदर्शक शीटवर मागच्या बाजूनं कोरलेलं जास्त देखणं दिसतं, समोरून पाटी पुसायलाही गुळगुळीत राहते. त्यासाठी नाव उलट छापून घ्या आणि कागदाची छापील बाजू शीटच्या दर्शनी बाजूला चिकटवा. शीट पालथी केली की आरपार उलटी अक्षरं दिसतात, ती गिरवायची.

सुरुवात शिरोरेषेनं करा, क्लॅम्पनं बसवलेल्या लाकडी पट्टीच्या आधारानं. फिरता बिट नेहमी एका बाजूला ओढतो, पट्टीशिवाय रेषा सरळ येत नाही. मग प्रत्येक दांडा शिरोरेषेच्या तयार खाचेत बिट टेकवून आपल्याकडं ओढायचा. खाचेतून निघाल्यामुळं बिट सुरुवातीला घसरत नाही. पहिला हात केसाएवढाच खोल, दुसऱ्या हातात अर्ध्या मिमीपर्यंत. 'ळ' आणि 'क्ष' यांचे वळसे एका दमात न घेता तुकड्यातुकड्यानं घ्या.

टोच्यानं किंवा अ‍ॅक्रिलिक कटरनं सरळ रेषा उत्तम येतात, वळणं नाहीत. घरक्रमांकात 1, 4, 7 असतील तर चालेल, देवनागरी नावाला नाही.

हत्यार नसेल आणि फक्त दुधी अक्षरं हवी असतील तर रेडियमवाल्याकडून नावाचा साचा कापून आणा. वरच्या ट्रान्सफर टेपमुळं 'व', 'ब' यांच्या पोटातले सुटे तुकडे जागच्या जागी बसतात. पुठ्ठ्याच्या साच्यात तेच पडून जातात. साचा चिकटवून 220 नंबरच्या पॉलिश पेपरच्या बोटाएवढ्या घडीनं गोल गोल घासा. खाच नसते, त्यामुळं रंग भरता येत नाही. काच कोरायची क्रीम प्लास्टिकवर चालत नाही, ती घेऊ नका.

मोटरच्या पॅनलसाठी दोनरंगी एबीएस शीटची पट्टी लेझरवर किंवा सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या कोरकाम यंत्रावर) करून घेणं मला सगळ्यात योग्य वाटतं. वरचा थर गेला की खालचा रंग दिसतो, त्यामुळं वरून भरलेला रंग निघून जायचा प्रश्नच नाही.

कॅरेटचं गणित वेगळं. त्यावर रंग धरत नाही, बाजारातून परत येईपर्यंत नाव गेलेलं असतं. इथं गरम सोल्डरिंग आयर्ननं डागलेली खाच टिकते. वाऱ्याकडं पाठ करून, धूर अंगावर न घेता, बरगडी सोडून सपाट भागात नाव डागा. बरगडी कापली गेली तर कॅरेट वजनाखाली तिथंच फुटतं. अ‍ॅक्रिलिकवर मात्र हे आयर्न नको, कडेला ओबडधोबड ढीग जमतो. पाण्याच्या टाकीवर तर काहीच कोरू नका, भिंत कमकुवत होते. तारेनं बिल्ला बांधा.

पाटी बसवताना 4 मिमीच्या स्क्रूसाठी 5 मिमीचं भोक पाडा. 30 सेंटिमीटरची अ‍ॅक्रिलिक पाटी तापमान 30 अंशांनी वाढलं तर अर्ध्या मिमीहून जास्त लांबते, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर एवढा फरक सहज पडतो. भोक घट्ट असलं तर तडा तिथूनच जातो. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा; थिनर किंवा स्पिरिटनं कोरलेल्या कडांना बारीक जाळीदार तडे जातात.