३४० ची गणित पेटी घेतली, एक फासा खोटा निघाला

लातूरला गंजगोलाईत गेले होते तेव्हा तिसरीतल्या पोरीसाठी ही पेटी घेतली. आत दोन फासे, शंभर मण्यांची माळ, अंककार्डं आन् खेळांचं एक पुस्तक. कार्डं लै पातळ, दोन दिवसांत कोपरे दुमडले. माळ ठीक.

मजा आली ती फाशांची. दोन्ही टाकून बेरीज करायची, पण टाकायच्या आधी सांगायचं की कोणती बेरीज जास्त वेळा येईल. पोरगी म्हणली १२, का तर सगळ्यात मोठी. म्हणलं लिही वहीत आन् टाक. पन्नास वेळा टाकलं, १२ तीनदा आन् ७ दहादा. लगेच खोडरबर घेऊन १२ चं ७ करायला निघाली, मला आधीच माहीत होतं म्हणे! तेव्हापासून अंदाज पेनानंच लिहायचा. मग ७ च का म्हणून जोड्या मांडत बसली, १२ ला ६-६ एकच, ७ ला १-६, २-५, ३-४ आन् त्याच उलट्या, म्हणजे एकूण ३६ जोड्यांपैकी सहा. हे तिचं तिनंच काढलं, मी नुसता चहा पीत बसले होते.

पुस्तकावर मात्र राग आहे, प्रश्नाच्या खालीच उत्तर छापलंय, मग लेकरू अंदाज कशाला बांधंल? मी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या चिकटवून उत्तरं झाकली.

आता मेन गोष्ट. दुसऱ्या दिवशी एकेक फासा ६० वेळा टाकायचा होता, तिचा अंदाज प्रत्येक आकडा दहाच्या आसपास. निळा बरोबर वागला, लालवर ६ आला २३ वेळा. म्हणलं योगायोग असंल, परत ६० वेळा टाकलं तर २१. मग पाण्याच्या ग्लासात लाल फासा टाकून मीठ घालत गेले तो तरंगंपर्यंत, बोटानं कितीबी फिरवा, वर ६ च, म्हणजे खालची बाजू जड. दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो लेकरांच्या खेळण्यात एवढं काय बघता ताई, बदलून दिला नाही तो नाहीच.

तरी पेटी घ्या म्हणंन, फक्त फासे दुकानातच वीस-तीसदा टाकून बघा, लाज बाळगू नका. आमच्या लाल फाशाच्या जागी लुडोतला घातलाय. आन् लाल कुठं गेला तर पोरीनं कंपासमध्ये लपवलाय, सुट्टीत मामाच्या पोरांसोबत लुडो खेळायला.