विंकल की लिम्पेट? ओहोटीला काय उचलावं

ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दोन खाण्याजोग्या समुद्री गोगलगायी सहज हाती लागतात: काळपट, गोलसर शंखाचा विंकल आणि खडकाला टोपीसारखा चिकटलेला लिम्पेट. कोकणातून तिकडे गेलेल्या, तिसऱ्या-कालवांची चटक असलेल्या मंडळींना दोन्हींचा मोह होतो. माझं मत आधीच सांगते, विंकल घ्या आणि लिम्पेट शक्यतो राहू द्या. चव हा यातला दुय्यम मुद्दा आहे.

विंकलमध्ये नर-मादी वेगळे असतात. मादी अंडी थेट समुद्रात सोडते, पिल्लं काही आठवडे पाण्यावर वाहत राहतात आणि मिळेल त्या किनाऱ्यावर उतरतात. म्हणून एका खडपातून थोडे उचलले, तर बाहेरून नवी भर पडू शकते. पण वयात यायला त्याला दोनेक वर्षं लागतात, तेव्हा दोन सेंटीमीटरपेक्षा लहान शंखाला हात लावू नये, हा माझा नियम. विणीचा भर हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, तो काळ टाळावा.

लिम्पेटचा मामला वेगळा. तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी त्यातले बरेचसे मादी होतात. आपली नजर साहजिकच मोठ्यांवर जाते, म्हणजे वेचले जातात ते नेमक्या माद्या. शिवाय प्रत्येकाची खडकावर ठरलेली जागा असते. भरतीत शेवाळ खरवडून तो तिथेच परततो आणि शंखाची कड त्या जागेला घट्ट बसेल अशी झिजवून घेतो. या खरवडण्याचं मोल १९६७ साली कॉर्नवॉलला कळलं. ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटल्यावर किनारा धुवायला वापरलेल्या रसायनांनी लिम्पेट मोठ्या संख्येने मेले. उघडे खडक आधी हिरव्या शेवाळाने, मग तपकिरी समुद्रतणाने झाकून गेले, आणि पुन्हा पूर्ववत व्हायला दहाहून जास्त वर्षं गेली. अझोर्स बेटांवर तर खाण्यासाठीच्या बेसुमार तोडणीमुळे लिम्पेट इतके घटले की बंदी आणावी लागली.

ताटातही विंकलच सरस. मिठाच्या पाण्यात काही मिनिटं उकळायचा, तोंडाशी असलेली चकती काढून टाकायची, टाचणीने मांस ओढायचं. ओलं खोबरं घालून सुकंही छान होतं. लिम्पेट जरा जास्त शिजला की चिवट. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून खातात, म्हणून मैल्याचे जंतू त्यांच्यात साठतात. विंकल आणि लिम्पेट खडक चरणारे, त्यामुळे ती भीती कमी. तरी सांडपाण्याच्या तोंडाशी काही वेचू नये आणि कच्चं खाऊ नये.

विंकल समजून डॉग-व्हेल्क (विंकलसारखी दिसणारी दुसरी समुद्री गोगलगाय) उचलला जातो. त्याच्या शंखाच्या तोंडाला खालच्या बाजूला खाच असते, विंकलला नसते. त्याची पिल्लं खडकावरच्या कोशांतून तिथेच बाहेर पडतात, वाहून येत नाहीत. एक खडप रिकामं झालं की भरायला फार वेळ लागतो. तो सोडाच.

तरीही लिम्पेट हवाच असेल, तर खडकभर विखुरलेले मोजके मध्यम आकाराचे घ्या. बेसावध असताना एकाच ठोक्यात सुटला तर ठीक, नाहीतर तो गच्च बसतो. मग खरवडून शंख फोडू नका, त्याला तिथेच राहू द्या. किती आणि कोणत्या आकाराचे उचलता येतील याचे नियम किनाऱ्यागणिक बदलतात, संरक्षित भागांत मनाईही असते. टोपली घेऊन निघण्याआधी स्थानिक मत्स्य प्राधिकरणाचे नियम पाहा.