लाल दिवा लागतो, भोंगा वाजत नाही : १८,४५० रुपयांना बसलेला चुना

जुन्या बर्गलर अलार्मला (चोर शिरला की भोंगा वाजवणाऱ्या यंत्रणेला) हालचाल टिपणारे मोशन सेन्सर ‘जोडून देणारे’ सध्या तालुक्यातालुक्यांत फिरताहेत. भाव येईल म्हणून कापूस आणि तूर घरातच भरून ठेवलेली असते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आमचं पॅनल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, पंधरा वर्षांचं जुनं, मूळ बसवणारा दुकान बंद करून गेलेला, शहरातला विक्रेता ‘सगळा सेट नवीन घ्या’ यापलीकडे बोलत नाही. मग ‘जुन्यावरच करून देतो ना जी’ म्हणणाऱ्याला बोलवायचं नाही तर कोणाला?

बिल असं : चार सेन्सर, १,८५० प्रमाणे ७,४००. चार तारांच्या केबलचं बंडल २,७००. १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर) बॅटरी १,९५०. ‘प्रोग्रामिंग’ १,५००. मजुरी २,५००. वर्षभराची देखभाल आगाऊ २,४००. एकूण १८,४५०, त्यातले १०,००० यूपीआयने, ८,४५० रोख. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान, जीएसटी क्रमांक नाही. पक्कं बिल नसेल तर रोख एक रुपयाही देऊ नका.

आता लबाडी कुठे होती ते पाहा. सेन्सरला चार तारा लागतात : दोन १२ व्होल्टच्या वीजपुरवठ्याच्या आणि दोन रिलेच्या (हालचाल दिसली की उघडणाऱ्या स्विचच्या), एनसी आणि सी लिहिलेल्या टर्मिनलवरून पॅनलच्या झोनपर्यंत (सेन्सरच्या तारा जोडायच्या जागेपर्यंत). टॅम्परही (सेन्सरचं झाकण उघडल्याचं कळवणारा स्विच) जोडायचा तर सहा. या माणसाने फक्त लाल-काळी जोडली. उरलेल्या दोन कापून सेन्सरच्या आत दुमडल्या आणि पॅनलमध्ये झोन व कॉमन या टर्मिनलांवर थेट रेझिस्टर (विजेला ठराविक अडथळा करणारा छोटा भाग) आवळून टाकला. पॅनल मूर्खच, त्याला रेझिस्टर दिसला की तो झोन ‘ठीक’ समजतो, मग सेन्सर तिकडे काहीही सांगो. माणूस समोरून गेला की सेन्सरवर लाल दिवा लागतो, आणि पॅनलला पत्ताच नसतो.

रेझिस्टर सेन्सरच्या डब्यात, ओळीतल्या शेवटच्या सेन्सरवर, एनसीशी सिरीजमध्ये बसायला हवा. एका झोनवर दोन सेन्सर असतील तर वीज समांतर, एनसी एकामागून एक, रेझिस्टर शेवटच्यावर एकच. किंमत किती हवी ते जुन्या रेझिस्टरच्या रंगपट्ट्यांवरून कळतं : लाल-लाल-लाल म्हणजे २.२ किलोओहम, हिरवा-निळा-लाल म्हणजे ५.६. चारही रेझिस्टर मिळून दहा रुपयांच्या आत येतात. दहा रुपयांचं काम सोडून त्याने १,५०० चं ‘प्रोग्रामिंग’ लावलं!

आणि तो क्षण. प्रत्येक खोलीत फिरून त्याने दिवा लावून दाखवला. ‘पाहा काकाजी, पकडलं.’ भोंगा का वाजत नाही, विचारलं. ‘आत्ता वाजवला तर अख्खं गाव गोळा होईल, म्हणून बंद ठेवला.’ मग पॅनिकचं बटण दाबून तोच भोंगा दोन सेकंद वाजवून दाखवला. दिवाही चालू, भोंगाही चालू. मधला धागाच नाही, हे कोणाच्या डोक्यात येईल? तिथेच त्याला पॅनल आर्म करायला, म्हणजे पहाऱ्यावर लावायला लावून, बाहेर पडण्याची मुदत संपू देऊन, एकेका खोलीत चालायला लावायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. गाव गोळा झालं तर होऊ द्यायचं. घरात कोणी इलेक्ट्रिशियन नाही, समोरचा मीटर लावून आकडे सांगतोय, तेव्हा हे सुचत नाही. सुचलं असतं असं म्हणणाऱ्यांनी आपल्या घरच्या पॅनलचं झाकण आज उघडून पाहावं.

मागच्या टिनाच्या गोदामातून साडेचार क्विंटल तूर चोरीला गेली. दिवा नक्कीच लागला असेल.

केबलही नकली : चाकूने तार खरवडली तर वरचा तांब्याचा मुलामा जाऊन आत पांढरं ॲल्युमिनियम. असली तार स्क्रूखाली दोनदा आवळली की तुटते. बॅटरी नवं स्टिकर लावलेली जुनी. चार सेन्सर मिळून ६० मिलिअँपिअरच्या आसपास खातात, पॅनलचं वेगळं. चांगली ७ एएच बॅटरी लोडशेडिंगची रात्र सहज काढते. ही दोन तासांत ११ व्होल्टखाली. पैसे देण्याआधी मेन बंद करून संध्याकाळभर चालवून पाहा.

गोदामातला सेन्सर टिनाकडे तोंड करून लावला होता, हा तर अडाणीपणा. हा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागची भिंत यांतला फरक पकडतो. मे महिन्यात टिनाखाली भिंतच ३७ अंशांवर गेली की माणूस त्याला नीट दिसत नाही. सव्वादोन मीटर उंचीवर, कोपऱ्यात, चोर आडवा जाईल अशा दिशेने, कूलरच्या झोतापासून दूर लावा. तारेचं भोक बुजवा, नाहीतर पाल आत शिरते आणि रात्री उगाच भोंगा.

पोलीस ठाण्यात गेलो तर चोरीची तक्रार घेतली, फसवणुकीची नाही. ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा.’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे म्हटल्यावर ठाणेदारांनी वर पाहिलंसुद्धा नाही. उलट प्रश्न आम्हालाच : अलार्म असून वाजला नाही, मग घरचंच कोणी नाही ना? सायबर गुन्ह्यांच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, तर तो माणूस घरी येऊन गेलाय, म्हणजे ऑनलाइन गुन्हा नाही. यूपीआयचे १०,००० गेले ते काय पोस्टाने गेले? बँक म्हणते तुम्हीच पिन टाकला. एकजण दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे. आणि तो माणूस नंबर बदलून पुढच्या तालुक्यात दिवे लावतोय.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. पण दुसरा कारागीर बोलावण्याआधी पॅनलमधल्या रेझिस्टरचे आणि सेन्सरमधल्या कापलेल्या तारांचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. त्याने तारा नीट जोडून दिल्या की दाखवायला काही उरत नाही.