शुक्राणूंचे आयुष्य: शरीराबाहेर आणि स्त्रीच्या शरीरात

कपड्यावर किंवा कातडीवर पडलेले वीर्य हवेने सुकू लागते आणि ते पूर्ण वाळले की त्यातील शुक्राणू मरतात. पातळ थर असेल तर याला काही मिनिटेच लागतात. वाळलेला डाग पुन्हा ओला झाला तरी ते जिवंत होत नाहीत, म्हणून टॉवेल किंवा शौचालयाच्या बैठकीमुळे गर्भ राहील ही भीती मनातून काढून टाकावी. तपासणीच्या डबीतला नमुना ओला असल्याने अधिक वेळ टिकतो, तरीही तो अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायला सांगतात.

स्त्रीच्या शरीरात मात्र चित्र वेगळे असते. योनीतील आम्लतेमुळे बहुतेक शुक्राणू लवकर नष्ट होतात. परंतु बीजकोशातून अंडे सुटण्याच्या सुमारास गर्भाशयमुखाचा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पातळ आणि ताणला जाणारा होतो, आणि त्याच्या आश्रयाने काही शुक्राणू 5 दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे ओले वीर्य बोटांवाटे योनीत गेल्यास शक्यता कमी असली तरी ती शून्य मानू नये, आणि शंका असल्यास तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.