आठ महिने टर्मिनल वापरल्यावर: सांगलीच्या मार्केट यार्डातून

मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. जुना लॅपटॉप फारच रेंगाळायला लागला म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यावर विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तेव्हापासून टर्मिनल, म्हणजे माऊसऐवजी कमांड टाइप करून काम करायची खिडकी, दिवसातून दहा वेळा तरी उघडतो.

वेड लागलं ते पाइपचं. नुसती एक उभी रेघ, पण एका कमांडचं उत्तर सरळ दुसरीच्या हातात जातं. कल्पना संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांची. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये उतरवली आणि ती आजही तशीच चालते.

हंगामात मालकांनी विचारलं, "दिवाणजी, यंदा कुठल्या गावच्या पट्ट्या जास्त झाल्या?" पट्ट्या म्हणजे शेतकऱ्याला दिलेली विक्रीची बिलं. त्यांच्या सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) 'कट' कमांडने गावाचा रकाना काढला, 'सॉर्ट'ने लावला, 'युनिक'ला वजा सी देऊन मोजला, आणि परत 'सॉर्ट' लावून मोठा आकडा वर घेतला. एका ओळीत काम झालं. पण यादीत कवठेमहांकाळ चार ठिकाणी दिसलं! एकदा जोडून, एकदा तोडून, एकदा 'क. महांकाळ', आणि चौथ्यात शेवटी एक स्पेस जास्तीची. तीच फाइल आम्ही रोज बघत होतो, कुणाच्याच नजरेत आलं नव्हतं. शब्द शोधून बदलणाऱ्या 'सेड'ने चारही एकसारखी केली. लक्षात ठेवा, 'युनिक' फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. आधी 'सॉर्ट' केलं नाही तर आकडे चुकतात.

सुट्टीत भाची आली होती. तिला 'कॅल ९ १७५२', म्हणजे सप्टेंबर १७५२ चं कॅलेंडर दाखवणारी कमांड, टाइप करायला सांगितलं. २ तारखेनंतर एकदम १४! "मामा, हा बिघडलाय," म्हणाली. बिघडलेला नाही. ब्रिटनने त्या सप्टेंबरात ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं, तेव्हा ११ तारखा गाळल्या. आपल्याकडे तेव्हा पंचांगच चालू होतं, त्यात काही तुटलं नाही.

मग 'सांगली' हा शब्द 'डब्ल्यूसी'ला मोजायला दिला. वजा एम लावून चिन्हं मोजली तर ६, वजा सी लावून बाइट (कॉम्प्युटरमधल्या साठवणीचं माप) मोजले तर १८. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि कानामात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. 'रेव्ह'ने तोच शब्द उलटा केला तर शेवटची वेलांटी पुढे येऊन अक्षराविना लोंबकळली. आपण जे एक अक्षर म्हणतो ते कॉम्प्युटरला एक नसतं, हे मला इतकं स्वच्छ आधी कधी दिसलं नव्हतं.

तक्रारी दोन आहेत. टर्मिनलमध्ये मराठी नीट दिसत नाही, जोडाक्षरं फाटतात, आणि मराठीत काम करणाऱ्याला ते रोज टोचतं. दुसरी गंभीर. फाइल पुसणाऱ्या 'आरएम' कमांडने उडवलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच. तारांकन (म्हणजे 'कुठलंही नाव') आणि डॉट टीएक्सटी यांच्यामध्ये माझ्या हातून एक स्पेस पडली आणि फोल्डरमधल्या सगळ्या फाइली उडाल्या. पेन ड्राइव्हवर कॉपी होती म्हणून मार्चचा हिशेब वाचला. तेव्हापासून आधी तोच पॅटर्न फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'ला देऊन बघतो, मगच 'आरएम', तेही वजा आय लावून, म्हणजे प्रत्येक फाइल उडवण्याआधी ते विचारतं.

हळदीच्या पुढच्या हंगामाआधी गावांची ती ओळ एका स्क्रिप्टमध्ये घालून ठेवणार आहे. मी रजेवर असलो तरी मालकांना एक शब्द टाइप करून यादी मिळेल.