इकोपाथ विथ इकोसिम: तालुक्याच्या कॉलेजात हे सॉफ्टवेअर चालेल का?

भंडारा-गोंदियाकडच्या प्राणिशास्त्र विभागात सागरी परिसंस्था शिकवायची तर समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण समुद्रातल्या अन्नजाळ्याचा जमाखर्च मांडायला किनाऱ्यावर बसावं लागत नाही. इकोपाथ विथ इकोसिम त्यासाठीच आहे. फुकट मिळतं, एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. लाईन आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असलेल्या ठिकाणी ही मोठी गोष्ट आहे.

मूळ पद्धत जेफ्री पोलोविना यांची, हवाईजवळच्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळ भागासाठी १९८४ साली प्रसिद्ध झालेली. पुढे विली क्रिस्टेन्सन, डॅनियल पॉली आणि कार्ल वॉल्टर्स यांनी ती वाढवली.

पहिली ठेच बसवतानाच लागते. मॉडेलची फाइल मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या डेटाबेसमध्ये साठते, त्यामुळे ॲक्सेसचा डेटाबेस ड्रायव्हर लागतो. सॉफ्टवेअर ६४ बिटचं आणि लॅबच्या मशीनवरचं जुनं ऑफिस ३२ बिटचं असेल तर फाइल उघडतच नाही. दोन्ही एकाच बिटचे ठेवा. सॉफ्टवेअर विंडोजसाठीचं आहे, हेही आधीच लक्षात घ्या.

आता मुख्य काम. सारख्या जीवांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटासाठी चार आकडे असतात: जैवभार म्हणजे गटातल्या सगळ्या जीवांचं मिळून वजन (टन प्रति चौ. किमी), पी/बी म्हणजे वर्षाचं उत्पादन भागिले जैवभार, क्यू/बी म्हणजे वर्षाचा आहार भागिले जैवभार, आणि ई.ई. म्हणजे उत्पादनातला किती वाटा शिकार, मासेमारी वगैरेत खपला. तीन द्या, चौथा सॉफ्टवेअर काढतं. शिवाय कोण कोणाला किती खातो याचा तक्ता, आणि प्रत्येक भक्षकाच्या रकान्याची बेरीज १. निदान एक गट तरी सडक्या सेंद्रिय गाळाचा हवाच.

ई.ई. १ च्या वर गेली की मॉडेल बिघडलं. उदाहरणासाठी आकडे घेऊ. बांगड्याचा जैवभार १.२, पी/बी ३, म्हणजे उत्पादन ३.६. सुरमईचा जैवभार ०.३, क्यू/बी ८, म्हणजे ती वर्षाला २.४ खाते. त्यात निम्मा बांगडा धरला तर १.२. मासेमारी ३. खर्च ४.२, ई.ई. १.१७. इथे बहुतेक विद्यार्थी सुरमईच्या आहारातला बांगडा ०.५ वरून ०.२ वर आणतात, ई.ई. ०.९७ होते आणि सगळे खूश. हे चुकीचं आहे. आधी पी/बी कडे पाहा. स्थिर स्थितीत पी/बी म्हणजे एकूण मृत्युदर. मासेमारीचाच दर ३ भागिले १.२, म्हणजे २.५. नैसर्गिक मृत्यूला उरले ०.५, आणि एकट्या सुरमईची शिकारच १ आहे. म्हणजे दोष आहारात नाही, जैवभार कमी धरला गेलाय. तो रिकामा ठेवून ई.ई. ०.९५ द्या, सॉफ्टवेअर जैवभार सुमारे १.४७ काढेल. आणि त्याही आधी एकक तपासा: राज्याची एकूण पकड टनांमध्ये तशीच टाकली, क्षेत्रफळाने भागलीच नाही, ही चूक सर्रास होते.

क्यू/बी साठी फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीपेढीवरचं सूत्र वापरतात. त्यात शेपटीच्या पंखाचं गुणोत्तर लागतं: उंचीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ. हे शिकवायला गावातला मामा (माजी मालगुजारी) तलाव पुरेसा आहे. ढिवरांकडून, म्हणजे तिथल्या मासेमारांकडून, मरळ आणि कटला घ्या, शेपटी पसरून आलेख कागदावर काढा, चौकोन मोजा. ६ सेंमी उंची आणि १२ चौ. सेंमी क्षेत्रफळ असेल तर गुणोत्तर ३. मरळीची गोल शेपटी कमी देते, कटल्याची दुभंगलेली जास्त. सतत पोहणाऱ्या माशाला जास्त का खावं लागतं, ते हातात दिसतं. त्याच मरळीचं पोट फाडून त्यातलं खाद्य तोला. आहाराचा तक्ता किती कष्टाने बनतो हे कळल्याशिवाय कोणी दुसऱ्याचा तक्ता उचलू नये.

वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातं. गोदावरीच्या मुखाचं मॉडेल करताना नदीने आणलेला सेंद्रिय गाळ बाहेरून येणाऱ्या आवकेत भरा. तो विसरला की कोळंबी खाते जास्त, गाळ येतो कमी, आणि गाळाच्या गटाची ई.ई. १ ओलांडते.

एक मर्यादा ठाम सांगायला हवी. हे सॉफ्टवेअर जैवभाराचा प्रवाह मोजतं, जाती नाही. दहा जातींचे खेकडे एका गटात गेले की त्यातली एक नाहीशी झाली तरी मॉडेलला पत्ता लागत नाही. जातींच्या नोंदींसाठी ओबिस ही जागतिक माहितीपेढी आहे. तिथला डेटा घेतानाही जमिनीवर पडलेले अक्षांश-रेखांश गाळून टाका.

इकोसिम हा काळानुसार चालणारा भाग आकर्षक आहे आणि म्हणूनच धोक्याचा. त्यात व्हल्नरेबिलिटी, म्हणजे शिकार भक्षकाच्या तावडीत किती सापडू शकते, हा आकडा आपोआप २ धरलेला असतो. १ कडे नेला तर खालचे गट वरच्यांना आवरतात, खूप वाढवला तर भक्षक वरचढ होतात. जुन्या पकडीच्या मालिकेशी जुळवून न घेता २ तसाच ठेवून काढलेला २० वर्षांचा आलेख प्रबंधात लावू नये. इकोस्पेस, म्हणजे नकाशावरचा भाग, एम.एस्सी.च्या प्रकल्पाला झेपणारा नाही.

पेडिग्रीचा तक्ता मात्र पहिल्या दिवसापासून भरत चला. कोणता आकडा प्रत्यक्ष मोजलेला, कोणता दुसऱ्या समुद्रातून उसना, हे त्यात नोंदतात. शेवटी भरायला बसलं की कोणालाच आठवत नाही.